दद्दु, दाद आणि गजकर्ण

सुरगाणा तालुक्यात भाताची आवणी सुरू झाली की अंगावरचा कपडा दिवसदिवस वाळत नाही. मग जांघेत, कमरेला, काखेत गोल चट्टे उठतात. कोणी गजकर्ण म्हणतं, कोणी नायटा, कोणी दाद. यांतला ‘दाद’ फार जुना. संस्कृतात दद्रु, आपल्या पालीत दद्दु. अंगुत्तर निकायातल्या गिरिमानंद सुत्तात आजारांची यादी आहे. तिथे खोकला, ताप यांच्याच ओळीत दद्दु, कण्डु, कच्छु येतात.

आयुर्वेदाने दद्रु अठरा कुष्ठांत धरला. तेव्हा कुष्ठ म्हणजे सर्वच त्वचारोग. पुढे हा शब्द महारोगापुरता उरला आणि साध्या चट्ट्यालाही ती भीती चिकटली. म्हणून बाया चट्टा लपवतात. विटाळ हा शब्द आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसला. तो घरातल्या खाजणाऱ्या सुनेला लावू नये, असं आम्हाला वाटतं.

आनंदांचे उपाध्याय बेलट्ठसीस यांना थुल्लकच्छ झाला होता. दाद नव्हे, पण अंग स्रवायचं, चीवर चिकटायचं. भिक्खू पाण्याने भिजवून ते सोडवत. बुद्धांनी ते पाहिलं आणि औषधी चूर्णाची व खाजेवर पांघरायच्या वेगळ्या वस्त्राची, म्हणजे कण्डुपटिच्छादीची, अनुज्ञा दिली. विनयपिटकातल्या महावग्गात हे आहे.

पावसाळ्यात आपण टाकळ्याची भाजी खातो. त्याची संस्कृत नावं चक्रमर्द आणि दद्रुघ्न: गोल चट्टा चिरडणारा, दाद मारणारा. भाजी जरूर खावी, पण चट्ट्यावर पाला चोळून भागत नाही. इंग्रजीत रिंगवर्म म्हणतात, तरी यात जंत नसतो. ही बुरशी आहे.

खरा घात दुकानातून विचारून आणलेल्या मलमाने होतो. त्यात स्टेरॉइड असलं तर खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आत पसरते, चट्ट्याचा आकार बदलतो आणि डॉक्टरलाही ओळखू येत नाही. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ती मिळतात. जुनी ट्यूब घेऊनच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, म्हणजे काय लावलं ते कळेल. बुरशीचं औषध चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस लावा. घरात आणखी कोणाला खाज असेल तर त्यांनाही सोबत न्या. टॉवेल वेगळा ठेवा, आणि ऊन नसेल तेव्हा आतले कपडे चुलीजवळ वाळवा.