निळ्या कागदापासून उजळ पडद्यापर्यंत

इमारत म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे वीट, वाळू, सिमेंट आणि लोखंड उभे राहते. परंतु पहिली वीट बसण्यापूर्वी तिचे नकाशे किती हातांतून जातात, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. नकाशे तपासण्याची ही रीत कशी पालटली, ते आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

सन १८४२ मध्ये जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने लोहाचे क्षार व सूर्यप्रकाश यांच्या साहाय्याने निळी छाप उमटविण्याची युक्ती शोधून काढली. पुढे त्याच युक्तीने निळ्या भूमीवर पांढऱ्या रेषा असलेल्या नकाशांच्या हव्या तितक्या प्रती निघू लागल्या. शिल्पज्ञ, अभियंता व कंत्राटदार यांच्याकडे प्रती जात. तपासणारा तांबड्या पेन्सिलीने शेरे लिही. मग ते सारे शेरे जुळवून सुधारलेला नकाशा काढावा लागे. अशा वेळी जुनी प्रत मुकादमाच्या हाती राहिली, तर भिंत भलत्याच जागी उभी राही.

तपासणीतील हयगय किती महाग पडते, याचे एक दारुण उदाहरण आहे. १७ जुलै १९८१ रोजी अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे एका हॉटेलच्या दालनातील दोन अधांतरी पादमार्ग कोसळून ११४ माणसे मृत्युमुखी पडली. मूळ योजनेत दोन्ही मार्ग अखंड सळयांवर टांगावयाचे होते. पुढे प्रत्येक सळईच्या जागी दोन सळया आल्या आणि खालचा मार्ग वरच्या मार्गाच्या तुळयांना टांगला गेला. एकाच दोरीला दोन शिंकाळी वेगवेगळ्या गाठींनी बांधली, तर प्रत्येक गाठीवर एकाच मडक्याचा भार येतो. पण खालचे शिंकाळे वरच्या शिंकाळ्याला अडकविले, तर वरच्या गाठीला दोन्ही मडकी तोलावी लागतात. येथे नेमके तेच घडले. मूळचा जोडही पुरेसा बळकट नव्हता. त्यावर आता दुप्पट भार आला. बदललेल्या नकाशावर अभियंत्यांचा शिक्का होता. परंतु त्या जोडाचे गणित कोणी केलेच नव्हते.

१९६३ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने आकृती काढून दाखविली. १९९३ मध्ये पीडीएफ ही पद्धत आली व कोणत्याही संगणकावर पान जसेच्या तसे दिसू लागले. आता एकच नकाशा सर्वांना एकाच वेळी पाहता येतो. प्रत्येक शेऱ्यापुढे लिहिणाऱ्याचे नाव व वेळ नोंदली जाते. जुना व नवा नकाशा एकमेकांवर ठेवला की बदललेली रेषा निराळ्या रंगात उठून दिसते. कोणता नकाशा अपुरा, कोणता विचारार्थ आणि कोणता मंजूर, हे कसे दर्शवावे, याचे आंतरराष्ट्रीय नियमही २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या देशात २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने संगणकीय स्वाक्षरीला मान्यता दिली आहे.

तथापि एक गोष्ट विसरता कामा नये. पडदा बदल दाखवितो. तो बदल योग्य की अयोग्य, हे माणसानेच ठरवावयाचे असते. शिक्का मारण्यास निदान हात उचलावा लागे. आता बोटाच्या एका स्पर्शाने मंजुरी देता येते. म्हणूनच, विद्यार्थिमित्रहो, साधन कागदाचे असो वा विजेचे, डोळ्यांत तेल घालून पाहिल्यावाचून आपले नाव कशाखालीही लिहू नये. त्या नावावर विसंबून पुढे कोणीतरी त्या छपराखाली निर्धास्तपणे वावरणार असते.