‘जुनी गाडी हाय, तेल त मारनच!’

परतवाड्यात जुन्या गाडीखालचा काळा डाग एखाद्या मिस्त्रीला दाखवा. बहुधा एकच उत्तर मिळतं: “जुनी गाडी हाय भाऊ, थोडंफार तेल त मारनच.” गाडी थोडी पळणारी असेल तर वर आणखी एक पुस्ती जोडली जाते, की स्पोर्ट्स गाडीचं इंजिन गरमच फार होतं, त्याला इलाज नाही.

इलाज आहे. गळती वयामुळे नव्हे, रबरामुळे होते. इंजिनाचे लोखंडी आणि ॲल्युमिनियमचे भाग वीस वर्षांत फारसे म्हातारे होत नाहीत, पण त्यांच्यामधली पॅकिंगं आणि ऑइल सील होतात. साधं नायट्राइल रबर सतत शंभर अंशांच्या वर तापत राहिलं की कडक होतं, त्याची ओठासारखी धार शाफ्टला धरत नाही आणि तेल पाझरायला लागतं. वऱ्हाडात मे महिन्यात बाहेरच 45 अंश असतात. तशा उन्हात परतवाड्याहून चिखलदऱ्याची सुमारे सातशे मीटरची चढण दुसऱ्या गिअरमध्ये चढवली की बोनेटखाली काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे खऱ्या दोन आसनी स्पोर्ट्स गाड्या विरळाच. फायबर बॉडीची सॅन स्टॉर्म हे त्यातलं एक नाव. पण फियाटने 2001 मध्ये भारतात आणलेली पॅलिओ 1.6 ही कित्येक शौकिनांची पहिली ‘पळणारी’ गाडी. सोळा व्हॉल्व्ह आणि शंभराच्या आसपास अश्वशक्ती. सचिन तेंडुलकर तिच्या जाहिरातीत होता आणि त्याच्या नावाने एस-10 ही मर्यादित आवृत्तीही निघाली. तशी एखादी गाडी आज ज्याच्या दारात उभी आहे, त्याच्यासाठी हे आहे. बाकी जुन्या पेट्रोल गाड्यांचं गणितही फार वेगळं नाही.

“डाग केवढा पडलाय, इंजिन गेलं!”

आधी थेंब कसला ते बघा. पांढरा पुठ्ठा रात्रभर गाडीखाली ठेवा. एसीचं पाणी मे महिन्यात हमखास तेल समजलं जातं. पॉवर स्टिअरिंगचं तेल बहुधा लालसर असतं, कूलंट हिरवं, निळं किंवा गुलाबी, गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो. इंजिन ऑइल मधाच्या रंगापासून काळ्यापर्यंत काहीही असू शकतं.

आणि ते इंजिन ऑइलच निघालं, तरी डागाच्या आकारावरून घाबरू नका. गाडी चालू असताना दर दहा सेकंदांना एक थेंब, म्हणजे तासाला 360 थेंब. एका मिलिलिटरचे वीस ते तीस थेंब धरले तर तासाला 12 ते 18 मिलिलिटर होतात. परतवाडा–अमरावती जाऊन येईपर्यंत चहाचा छोटा कपही भरत नाही. तेल किती सांडतंय त्यापेक्षा कशावर सांडतंय हे महत्त्वाचं. तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं तर धूर, क्वचित आग. टायमिंग बेल्टवर पडलं तर त्याहून वाईट, त्याकडे येतोच.

“टपकतंय तिथूनच गळतंय.”

सगळ्यात जास्त पैसे हा समज खातो. तेल वरून खाली ओघळतं आणि गाडी पळत असताना वाऱ्याने मागे ढकललं जातं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग फुटलेलं असतं वर, थेंब पडतो खाली इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून. मग कुणीतरी ‘क्रँकचं मागचं सील गेलं’ म्हणून गिअरबॉक्स उतरवतो. सील शंभर-दोनशेचं, मजुरी हजारोंची आणि गळती होती तशीच.

आपल्याकडे त्यात भर काळ्या मातीच्या धुळीची. कापूस-तुरीच्या हंगामात शिवारातल्या रस्त्याने गाडी फिरली की पाझरलेल्या तेलावर धूळ बसते, तिचा गिलावा होतो आणि मूळ जागा त्याखाली गडप होते. म्हणून पहिलं काम पाना उचलायचं नाही, धुवायचं. इंजिन थंड असताना अल्टरनेटर आणि कॉइल प्लास्टिकने झाका, डीग्रीझर लावून ब्रशने घासा आणि पूर्ण वाळू द्या. संशयाच्या सांध्यांवर साधी टाल्कम पावडर फुंकरा. पंधरा-वीस किलोमीटर फिरून या आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघा. पावडर सगळ्यात वर जिथे भिजली असेल, तो मूळ चोर. बऱ्याचदा तो टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ऑइल फिल्टरची रबरी रिंग, ड्रेन बोल्टचा वॉशर नाहीतर ऑइल प्रेशर स्विच असतो. चारही स्वस्त आणि सगळ्यांना हात पोचतो.

“बोल्ट अजून आवळ, वरून शेलॅक थाप.”

टॅपेट कव्हरचे बोल्ट साधारण 10 न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचे असतात, म्हणजे मनगटाच्या जोराने. लांब पान्याने पिळले की पॅकिंग बाहेर येतं, पत्र्याचं कव्हर वाकतं आणि ॲल्युमिनियम हेडचे आटे मरतात. शेलॅक किंवा सिलिकॉन सीलंटचं म्हणाल तर बाहेर दिसतो तेवढाच थर आतही दाबला जातो. त्याचे तुकडे सुटून खालच्या तेलाच्या चेंबरमधल्या जाळीवर बसले की पंपाला तेल पुरत नाही. गळतीने मेलं नसतं ते इंजिन दुरुस्तीने मरतं.

“जाड तेल टाका, थांबते.”

20डब्ल्यू-50 मधला दुसरा आकडा इंजिन तापल्यावर तेलाचा जाडपणा दाखवतो, पहिला थंडीतला. उन्हाळ्यात एक पायरी जाड तेल चालतं का, ते गाडीच्या पुस्तकात बघा, बऱ्याचदा चालतं. पण सीलची फाटलेली धार तेलाने शिवली जात नाही. उलट हिवाळ्याच्या सकाळी जाड तेल वर कॅमपर्यंत पोचायला उशीर लावतं आणि झीज तेव्हाच होते.

सिंथेटिक तेलाने जुनी गाडी गळते, हा समज मात्र हवेतून आलेला नाही. सुरुवातीच्या सिंथेटिक तेलांनी काही सीलं आकसायची. आताच्या तेलांत सीलला धार्जिणे घटक घातलेले असतात. आता होतं ते एवढंच, की साचलेली काजळी धुतली जाते आणि तिने बुजवलेली जुनी फट उघडी पडते. बाजारातली ‘लीक स्टॉप’ बाटली कडक रबर थोडं फुगवते, काही महिने निभावतं. तुटलेल्या सीलला तिचा उपयोग नाही.

“सील बदललं तरी गळतं, पार्ट डुप्लिकेट!”

असेलही. पण आधी ब्रीदर बघा. पिस्टनजवळून थोडा वायू खाली चेंबरमध्ये उतरतोच, तो ब्रीदरच्या नळीने बाहेर खेचला जातो. नळी काजळीने तुंबली की आत दाब वाढतो आणि नवं कोरं सीलही तेल ढकलतं. इंजिन आयडलवर असताना तेलाचं झाकण काढून तोंडावर कागद धरा. ब्रीदर मोकळा असेल तर बहुतेक गाड्यांत कागद किंचित आत ओढला जातो. तो फडफडून उडाला तर ब्रीदर तुंबलाय किंवा पिस्टन रिंगा संपल्यात. शाफ्टवर जुन्या सीलने खाच पाडली असेल तर नवं सील एक-दोन मिलिमीटर पुढेमागे बसवतात.

पार्ट मिळत नाही, ही तक्रारही अर्धीच खरी. फियाटच्या गाड्या भारतात बनणं थांबलं, पण बहुतेक ऑइल सीलवर तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. ते घेऊन अमरावती-अकोल्याच्या बेअरिंगच्या दुकानात जा. नायट्राइलऐवजी व्हायटॉन मागा. किंमत जास्त, पण दोनशे अंशांपर्यंत टिकतं. सीलवर फिरण्याचा बाण असेल तर तो इंजिनाच्या दिशेशी जुळवा.

“पुढून थोडं येतंय, चालू द्या.”

इथे नाही. पॅलिओ 1.6 सारख्या इंजिनात पुढच्या बाजूला टायमिंग बेल्ट असतो आणि कॅम-क्रँकची सीलं त्याच्या मागे. तेलाने रबरी बेल्ट फुगतो, दात सोडतो. सोळा व्हॉल्व्हच्या बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. म्हणून बेल्ट बदलताना ही सीलं त्याच मजुरीत बदलून घ्या आणि तेल लागलेला बेल्ट पुसून परत बसवू देऊ नका.

“दिवा लागेल तेव्हा बघू.”

डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा पातळीचा नाही, दाबाचा. तो लागतो तेव्हा बेअरिंगला तेल मिळणं थांबत आलेलं असतं. तेल कमी असेल तर घाटाच्या वळणावर ते एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि दिवा क्षणभर लुकलुकतो. लोक वायरिंगला दोष देतात. अशा वेळी गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, पाच-दहा मिनिटांनी सपाट जागी तेलाची पट्टी बघा. खालच्या खुणेखाली असेल तर पुस्तकातलंच तेल थोडं थोडं घाला, वरच्या खुणेपलीकडे नको. जादा भरलेलं तेल क्रँकने फेसाळतं आणि आतला दाब वाढून नव्या जागेतून बाहेर पडतं.