रुंद, महाग आणि चिकट: शर्यतीच्या टायरबद्दलचे गैरसमज

हौशी शर्यतीत उतरणारा माणूस आधी एक्झॉस्टवर खर्च करतो, मग इंजिनवर. टायरची पाळी शेवटी येते आणि तीही ‘सगळ्यात रुंद आणि सगळ्यात महाग घे’ एवढ्याच सल्ल्यावर. हा क्रम उलटा हवा, असं माझं ठाम मत आहे. वेग घेणं, थांबणं आणि वळणं या तिन्हींसाठी गाडीला जमिनीचा आधार मिळतो तो फक्त चार तळहातांएवढ्या रबराचा. ते रबर किती तापतं, किती वेळ तापलेलं राहतं आणि कधी जास्त तापून हातातून जातं, एवढं समजलं की टायरची निवड बरीच सोपी होते.

उदाहरणाला एक खरी गाडी घेऊ. माझदा एमएक्स-५, म्हणजे अमेरिकेतली ‘मियाटा’. ही १९८९पासून बाजारात आहे. दोन आसनं, मागच्या चाकांना ताकद, वजन हजार किलोच्या आसपास. तिकडच्या हौशी शर्यतींत ही गाडी जागोजागी दिसते. ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’ ही संस्था भरवते त्या ऑटोक्रॉसमध्ये, म्हणजे मोकळ्या पार्किंगमध्ये किंवा जुन्या धावपट्टीवर शंकू मांडून एकेकट्याने वेळेविरुद्ध पळण्याच्या प्रकारात, ती विशेष रमते.

‘टायर जितका रुंद, तितकी पकड जास्त’

शाळेत आपण शिकलो की घर्षण संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. रबर हा नियम पाळत नाही. टायरवरचा भार दुप्पट केला तर पकड वाढते, पण दुप्पट होत नाही. रुंद टायर तोच भार थोड्या कमी प्रेशरवर पेलतो, जमिनीवरचा त्याचा ठसा लांबट न राहता आडवा होतो आणि वळताना त्याचा उपयोग होतो. म्हणजे या समजुतीत तथ्य आहे, पण ते अर्धंच.

उरलेलं अर्धं असं. जास्त रबर तापवायला जास्त काम लागतं. हजार किलोच्या गाडीला अतिरुंद टायर लावला, तर एका मिनिटाच्या फेरीत तो तापतच नाही आणि गार रबर घसरतं. दुसरी गोष्ट रिमची. साडेसहा इंची रिमवर २२५ मिलिमीटर रुंदीचा टायर बसवता येतो, पण साइडवॉल रिमच्या बाहेर फुगते आणि वळणात टायर आडवा लोळतो. स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी क्षणभर विचार करून वळते, असं वाटतं ते त्यामुळेच. शिवाय चाकाचं वजन वाढतं, आणि टायरची उंची बदलली तर गिअरचं गणितही बदलतं. आजच्या एमएक्स-५ला कारखान्यातून १९५/५० आर १६ किंवा २०५/४५ आर १७ एवढेच टायर येतात. ही कंजुषी नाही, हिशोब आहे. रुंदी वाढवायची तर आधी रिम रुंद करावा, मग टायर.

‘ट्रेडवेअरचा आकडा म्हणजे रबराचं प्रमाणपत्र’

टायरच्या बाजूवर ट्रेडवेअर, म्हणजे झिजेचा, २००, ३०० असा आकडा असतो; आकडा जितका मोठा, तितकी झीज सावकाश. तो अमेरिकन सरकारच्या प्रतवारीतून आला आहे. टेक्सासमधल्या सॅन अँजेलोजवळच्या ठरावीक रस्त्यांवर सुमारे ११,६०० किलोमीटर गाड्या चालवतात, १०० आकड्याच्या प्रमाण टायरशी झिजेची तुलना करतात आणि पुढची झीज अंदाजाने काढतात. मात्र टायरवर छापायचा आकडा कंपनी स्वतः ठरवते. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करायला तो बरा. दोन वेगळ्या कंपन्यांचे ‘२००’ एकसारखे मानणं चूक.

ऑटोक्रॉसच्या स्ट्रीट गटात किमान २००ची अट आहे. साहजिकच, जेमतेम २०० छापलेला पण वागायला जवळजवळ शर्यतीचा, असा टायर अनेक कंपन्या काढतात. ब्रिजस्टोन पोटेन्झा आरई-७१आरएस, योकोहामा ॲडव्हान ए०५२ आणि हँकूक व्हेंटस आरएस४ या तिघांवरही २००च लिहिलेलं आहे, पण तिघांचा स्वभाव वेगळा आहे. त्याच बाजूवरचं ‘ट्रॅक्शन एए’ वाचूनही हुरळू नये. ती चाचणी ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक मारण्याची असते. वळणातल्या पकडीबद्दल ती काहीच सांगत नाही.

‘सर्वांत चिकट तोच सर्वांत चांगला’

हा प्रश्न टायरला विचारायचाच नाही, शर्यतीला विचारायचा. ऑटोक्रॉसची फेरी साधारण अर्ध्या ते एका मिनिटाची. तिथे पहिल्याच वळणाला पकड देणारं रबर हवं. ए०५२ त्यासाठीच नावाजलेला आहे. तोच टायर ट्रॅकवर सलग वीस मिनिटं पळवला की काही फेऱ्यांनी तापून ओशट होतो. स्टिअरिंग हलकं लागतं, वेळ वाढत जाते आणि टायरच्या खांद्यावर, म्हणजे कडेला, रबराच्या गुठळ्या जमतात. ऑटोक्रॉसमध्येही एकाच गाडीवर दोन चालक असतील, तर मधल्या वेळात टायरवर पाण्याचा फवारा मारून ते गार करतात. उलट आरएस४ एका फेरीत मागे पडेल, पण लांब सत्रात शेवटपर्यंत तसाच वागतो आणि झिजतोही सावकाश.

आपल्याकडे हे जास्तच लागू पडतं. पुण्या-मुंबईचा हौशी चालक कोइंबतूरच्या करी ट्रॅकवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला जातो, तेव्हा दुपारचं डांबर आधीच तापलेलं असतं. टायर गरम कसा करायचा ही तिथली अडचण नाही, थंड कसा ठेवायचा ही आहे.

‘हवा कमी, पकड जास्त’

थोडी कमी केली तर फायदा होतो, हे खरं. पण फार उतरवली तर साइडवॉल दुमडते आणि टायर खांद्यावर चालतो. मुळात सकाळी गार टायरमध्ये भरलेली हवा ट्रॅकवर तशी राहत नाही. तापमान साडेपाच-सहा अंश सेल्सिअसने वाढलं की प्रेशर सुमारे एक पीएसआयने चढतं. एका सत्रात पाच-सहा पीएसआय सहज वाढतात. म्हणून प्रेशर बघायचं ते फेरीवरून आल्या आल्या, गरम टायरचं.

यात मोजमाप अगदी साधं आहे. पुष्कळशा टायरांच्या खांद्यावर एक छोटा त्रिकोण असतो. वळणातला घासल्याचा माग त्या त्रिकोणापर्यंत यावा. खाली साइडवॉलवर उतरला तर हवा कमी, वरच थांबला तर जास्त. त्रिकोण नसेल तर पांढऱ्या खडूची रेघ ओढावी आणि ती कुठवर पुसली गेली ते बघावं. पुढची पायरी म्हणजे सुईचा तापमापक. त्याची सुई रबरात काही मिलिमीटर आत घालून आतली कड, मध्य आणि बाहेरची कड असे तीन आकडे घ्यायचे. मध्य जास्त गरम असेल तर हवा जास्त आहे. दोन्ही कडा गरम असतील तर कमी आहे. फक्त बाहेरची कड तापत असेल तर दोष हवेचा नाही, कॅम्बरचा, म्हणजे चाकाच्या उभ्या कलाचा आहे. अशा वेळी नवा टायर घेण्याऐवजी अलाइनमेंटवर खर्च करावा. इन्फ्रारेड बंदूक फक्त पृष्ठभाग वाचते, आणि पृष्ठभाग पिटमध्ये येईपर्यंत गार झालेला असतो.

नायट्रोजनबद्दल एवढंच, की साध्या हवेतही तो ७८ टक्के असतो. फायदा होतो तो हवा कोरडी असण्याचा.

‘शिकायचं तर थेट स्लिकवर’

स्लिक म्हणजे नक्षी नसलेला शर्यतीचा टायर. नवख्याला हा सल्ला देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. साधा परफॉर्मन्स टायर सुटण्याआधी किंचाळतो, थोडा थोडा सरकतो, सावरायला वेळ देतो. शर्यतीचा टायर बराच वेळ काही कळू देत नाही आणि सुटतो तेव्हा बहुधा जास्त वेगात आणि एकदम. शिवाय वाढलेल्या पकडीचा ताण बेअरिंग, ब्रेक आणि सस्पेन्शनवर येतो. लांब वळणात इंजिनखालच्या टाकीतलं (संपमधलं) तेल एका बाजूला सरकून इंजिन कोरडं पडण्याचा धोकाही वाढतो. पहिला हंगाम ट्रेडवेअर ३००च्या आसपासच्या टायरवर काढावा. त्याच टायरवर पावसात घरीही जाता येतं.

‘नक्षी शिल्लक आहे, म्हणजे टायर चांगला आहे’

कोरड्या ट्रॅकवर जास्त नक्षी हा गुण नव्हे. उंच ठोकळे वळणात वाकतात, तापतात आणि तुटतात. म्हणूनच अमेरिकेत काही चालक नवा टायर यंत्रावर तासून पातळ करून घेतात. दुसरीकडे, प्रत्येक वेळी तापून गार होताना रबर थोडं कडक होतं, आणि वयानेही होतं. नक्षी दिसायला भरपूर, पण पकड गेलेली, असा टायर स्वस्तात विकायला ठेवलेला हमखास सापडतो. त्याच्या बाजूवर ‘डॉट’ या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. घासाघीस सुरू करण्याआधी चारही टायरांवरचे हे आकडे स्वतः वाकून वाचावेत. काही टायरांवर पूर्ण ओळ एकाच बाजूला असते. ती बाजू आत गेली असेल तर चाक काढून दाखवायला सांगावं.