दिवसाचे पाणी, रात्रीची झोप

रब्बीच्या हंगामात ग्रामीण भागातील रुग्णालयांमध्ये मध्यरात्रीनंतर येणाऱ्या काही रुग्णांची ओळख सांगावी लागत नाही. पाय चिखलाने भरलेले, सोबतच्या माणसाच्या हातात बॅटरी आणि तोंडी पहिले वाक्य, ‘दारं धरायला गेलो होतो.’ कुणाला साप चावलेला असतो. कुणाला ओल्या हाताने स्टार्टरचे बटण दाबताना विजेचा धक्का बसलेला असतो. कुणी अंधारात विहिरीच्या कडेवरून घसरलेला असतो. केसपेपरवर प्रत्येकाचे निदान वेगळे लिहिले जाते. त्यामागचे कारण मात्र बहुतेकदा सारखेच असते. त्या आठवड्यात शेतीपंपाची वीज रात्रीची होती.

सौरऊर्जेची चर्चा साधारणपणे वीजबिल, अनुदान आणि हवामानबदल या तीन शब्दांत संपते. गावाजवळच्या माळरानावर उभे राहणारे सौर प्रकल्प आरोग्याशी कसे जोडलेले आहेत, याकडे क्वचितच लक्ष जाते. शेतकऱ्याचे रात्रीचे काम दिवसा आणणे, हा या प्रकल्पांचा ग्रामीण भागाला होऊ शकणारा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा फायदा आहे.

रात्रपाळी, जिची नोंद होत नाही

महाराष्ट्रात चाळीस लाखांहून अधिक शेतीपंप आहेत. या सगळ्यांना एकाच वेळी थ्री फेज वीज देणे शक्य नसल्याने वर्षानुवर्षे चक्राकार पद्धत चालत आली. आठवड्यातले काही दिवस वीज दिवसा, काही दिवस रात्री. घरे, कार्यालये आणि कारखान्यांची मागणी उतरली की शेतीची पाळी यायची. शेतकऱ्याला मग रात्री अकराला किंवा पहाटे दोनला लाइट येण्याची वाट पाहत शेतात थांबावे लागते.

या थांबण्यातच धोका आहे. मण्यार हा निशाचर साप. त्याचा दंश अनेकदा दुखत नाही, सूजही येत नाही, दाताच्या खुणा दिसतीलच असे नाही. वीज येईपर्यंत खोपीत जमिनीवर अंग टाकलेल्या माणसाला झोपेत मण्यार चावतो आणि पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलणे अडखळते. घोणस बांधावरच्या गवतात, पाटाच्या कडेला दबा धरून असते. पाण्यामुळे बिळातून बाहेर आलेले उंदीर आणि बेडूक तिला तिथे खेचतात. अंधारात पाय नेमका तिच्यावर पडतो.

‘ईलाइफ’ या नियतकालिकात २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले. वर्षाला सरासरी ५८ हजार. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत अग्रक्रम दिला. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. हे उद्दिष्ट केवळ प्रतिसर्पविषाच्या कुप्यांनी गाठता येणार नाही. माणूस आणि साप एकमेकांसमोर येण्याचे प्रसंगच कमी करावे लागतील.

साप, बिबट्या आणि विजेचा धक्का हे दिसणारे धोके. न दिसणारा धोका झोपेचा. सतत रात्रपाळी करणाऱ्यांमध्ये उच्च रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळते, हे अनेक अभ्यासांनी दाखवले आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीच्या कामाला संभाव्य कर्करोगकारक गटात ठेवले आहे. कारखान्यातल्या कामगाराच्या रात्रपाळीची निदान हजेरीपटावर नोंद असते. शेतकऱ्याच्या रात्रपाळीची ती कुठेच नसते. एक आठवडा दिवसा आणि पुढचा आठवडा रात्री जागणाऱ्या मधुमेही शेतकऱ्याने गोळ्या आणि जेवणाच्या वेळा पाळाव्यात कशा, हा प्रश्न तर रोजचा आहे.

पंप सूर्याबरोबर चालतो

सौरऊर्जेवरचा नेहमीचा आक्षेप असा की सूर्य मावळल्यावर तिचा उपयोग काय? शहरातल्या दिव्यांसाठी हा आक्षेप रास्त आहे, तिथे बॅटरी लागते. पण पिकाला पाणी रात्रीच हवे असते असे नाही. दिवसा दिलेले पाणी माती साठवून ठेवते आणि मुळे ते सावकाश घेतात. म्हणजे साठवणुकीचे काम जमीनच करते. पावसाळ्यात आभाळ भरून आल्यावर सौरवीज घटते, तेव्हा पंपाची गरजही सहसा कमी असते. सौरऊर्जेला शेतीपंपाइतका सोयीचा ग्राहक दुसरा शोधून सापडणार नाही.

याच विचारातून २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी येथून तिची सुरुवात झाली. २०२३ मध्ये तिची दुसरी, मोठी आवृत्ती जाहीर झाली. तिचा पहिला प्रकल्प छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील धोंदलगाव येथे सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. त्याची क्षमता अवघी ३ मेगावॅट, पण आसपासच्या दीड हजारांहून अधिक शेतकऱ्यांना त्यातून दिवसा वीज मिळण्याची सोय झाली.

रचना साधी आहे. महावितरणच्या उपकेंद्राजवळची जमीन घेऊन त्यावर पॅनेल उभारायचे आणि तयार झालेली वीज तिथल्याच शेतीच्या स्वतंत्र फीडरवर सोडायची. वीज दूरवरून आणावी लागत नाही, म्हणून वाटेतली गळती कमी होते. दाबही बरा मिळतो, त्यामुळे मोटारी जळण्याचे प्रमाण घटते. एका मेगावॅटला साधारण चार ते पाच एकर जागा लागते.

जमिनीचे काय होते?

गावकऱ्यांच्या मनात दोन शंका हमखास असतात. पॅनेलमधून किरणोत्सर्ग होतो का, आणि जमीन कायमची नापीक होते का?

पहिल्या शंकेचे उत्तर स्पष्ट आहे. पॅनेल सूर्यप्रकाश घेते, ते स्वतः कोणताही घातक किरण सोडत नाही. बहुतेक पॅनेल सिलिकॉन, काच आणि ॲल्युमिनियमची असतात. मात्र फुटलेल्या पॅनेलला हात लावू नये. उन्हात असेपर्यंत त्यात वीज असते आणि आतल्या जोडकामात शिसे असू शकते.

दुसऱ्या शंकेचे उत्तर प्रकल्प कसा उभारला यावर अवलंबून आहे. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात गवताळ कुरणावर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पॅनेलच्या सावलीत मातीची ओल टिकून राहिली आणि हंगामाच्या अखेरीस तिथले गवत उघड्या भागापेक्षा ९० टक्क्यांनी जास्त भरले. मिनेसोटात दोन प्रकल्पांवर स्थानिक गवते आणि फुलझाडे लावून पाच वर्षे निरीक्षण केले गेले. तिथे कीटकांची एकूण संख्या तिप्पट झाली आणि स्थानिक मधमाश्या वीसपट वाढल्या. या माश्या शेजारच्या सोयाबीनच्या फुलांवरही जात होत्या. आपल्याकडे जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेत पॅनेलच्या रांगांमध्ये मूग, मटकी, जिरे अशी पिके घेतली गेली आणि पॅनेलवरून ओघळणारे पावसाचे पाणीही साठवले गेले. परभणीच्या कृषी विद्यापीठातही सौरपॅनेलखालच्या शेतीचे प्रयोग सुरू झाले आहेत. पंचवीस-तीस वर्षे नांगर न लागलेल्या आणि गवताने झाकलेल्या जमिनीत सेंद्रिय कर्ब वाढू शकतो, तिची धूपही थांबते.

याच्या उलटही घडते. बुलडोझर फिरवून वरची माती खरवडली, गवत उगवू नये म्हणून तणनाशके मारली, तर खाली उरते ती उघडी, तापणारी, धूळ उडवणारी जमीन. अमेरिकेच्याच ॲरिझोना राज्यात अशा एका प्रकल्पावर रात्रीचे तापमान आसपासच्या वाळवंटी रानापेक्षा ३ ते ४ अंशांनी जास्त आढळले होते. तणनाशक शेजारच्या विहिरीत उतरले, तर तो थेट आरोग्याचा प्रश्न होतो.

भाडे कुणाला, झळ कुणाला

कर्नाटकातील पावगडा हा तुमकूर जिल्ह्यातील दुष्काळी तालुका. भूजलातील फ्लोराइडमुळेही तो ओळखला जातो. तिथे सुमारे १३ हजार एकरांवर २,०५० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा राहिला. विशेष म्हणजे जमीन विकत न घेता भाड्याने घेतली गेली. सुरुवातीचा दर होता एकरी वर्षाला २१ हजार रुपये. पाऊस पडो न पडो, ठरलेली रक्कम मिळू लागली आणि मालकी शेतकऱ्याकडेच राहिली. महाराष्ट्राच्या योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ आहे. प्रकल्प असलेल्या ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरवर्षी पाच लाख रुपये देण्याची तरतूदही आहे.

पण पावगड्याने दुसरी बाजूही दाखवली. ज्यांच्या नावावर सातबारा होता त्यांना भाडे मिळाले. त्याच शेतांवर मजुरी करणाऱ्या भूमिहीनांचा रोजगार गेला आणि मेंढपाळांची चराई कुंपणाआड गेली. सरकारी कागदावर जी जमीन पडीक असते, तीच गावातल्या धनगर कुटुंबाचे कुरण असते आणि तिथूनच कुणाच्या घरात सरपण, शेण, दूध येत असते. दूध आणि मजुरी घटली की त्याची झळ सर्वांत आधी त्या घरातल्या गरोदर बाईला आणि लहान मुलांना बसते. मग कुपोषणाच्या नोंदीत सौर प्रकल्पाचे नाव कुठेच येत नाही.

यावर उपाय आहेत आणि ते महाग नाहीत. पॅनेल थोडी उंच बसवून खाली मेंढ्या चरू दिल्या तर गवत कापण्याचा खर्च वाचतो, तणनाशकही लागत नाही. शेळ्या मात्र नकोत, त्या वर चढतात आणि वायरी कुरतडतात. पॅनेल धुणे, राखण, गवतकाम ही कामे गावातल्या भूमिहीनांना आणि बचत गटांना देता येतात. ग्रामसभेत जमिनीचा ठराव येतो तेव्हा विचारायचे प्रश्न तीनच आहेत. गवत राहणार की तणनाशक? चराई कुठे? कामे कुणाला?

दिवसाही काळजी हवी

दिवसा वीज आली म्हणून सर्व धोके संपत नाहीत. काढणी, गवतकापणी आणि कडब्याच्या गंजीजवळ सर्पदंश दिवसाही होतात. गुडघ्याखालपर्यंतचे बूट आणि हातात काठी दिवसाही हवी. एप्रिल-मेमध्ये भर दुपारी पाणी देताना उष्माघाताचा धोका असतो. त्या महिन्यांत दारे धरण्याचे काम सकाळी उरकावे आणि बारा ते तीन सावलीत थांबावे. स्टार्टरची पेटी लाकडी फळीवर उभे राहून, कोरड्या हातानेच हाताळावी. मोटारीला अर्थिंग असलेच पाहिजे.

साप चावल्यास रुग्णाला धीर द्यावा, चालू देऊ नये. हातापायातील अंगठ्या, कडी, जोडवी काढावीत. चावलेला हात किंवा पाय फळीचा आधार देऊन स्थिर ठेवावा. आवळपट्टी बांधू नये, चिरा देऊ नये, रक्त चोखू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. १०८ ला फोन करून जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावे, तिथे प्रतिसर्पविष मोफत मिळते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर ते एकच औषध चालते. त्यामुळे साप मारून आणण्याची गरज नसते.

रुग्णालयांनाही यात एक छोटे काम करता येईल. सर्पदंश, विजेचा धक्का किंवा विहिरीत पडण्याच्या प्रत्येक केसपेपरवर दोन गोष्टी लिहाव्यात. घटना किती वाजता घडली आणि माणूस त्या वेळी कोणते काम करत होता. ज्या फीडरवर दिवसा वीज सुरू झाली, त्या गावांच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी शेजारी ठेवल्या, की सौर प्रकल्पाने गावाला काय दिले याचा हिशेब मेगावॅटबरोबर वाचलेल्या माणसांतही मांडता येईल.