डिफ लॉकचा दिवा लागला, म्हणजे लॉक लागला का?

संशोधनाच्या तयारीत 'व्हॅलिडिटी' हा शब्द खूपदा ऐकायला मिळतो. आपण जे मोजतोय असं म्हणतो, तेच खरंच मोजतोय का, एवढाच त्याचा अर्थ. आज त्यासाठी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीचा डिफरन्शिअल लॉक घेऊ. फील्डवर्कवाल्यांना तो तसाही लागतोच. लॉक नुसता नावाला आहे हे भर पावसात, वाडीच्या अलीकडच्या चिखलात कळण्यापेक्षा गॅरेजात कळलेलं बरं.

वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून डिफरन्शिअल दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देतो. नियम एका ओळीचा आहे: दोन चाकांच्या वेगांची सरासरी म्हणजे डिफरन्शिअलच्या केजचा वेग. पण एक चाक हवेत गेलं की तेच भरभर फिरतं आणि जमिनीवरचं ढिम्म राहतं. लॉक लावला की दोन्ही चाकं एकमेकांना जखडली जातात. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखामध्ये असे हातानं लावायचे लॉक मिळतात.

आता डॅशबोर्डवरचा दिवा. काही गाड्यांत तो थेट बटणाला जोडलेला असतो. म्हणजे तो तुमची इच्छा मोजतो, लॉक नाही! काहींत लॉक सरकवणाऱ्या भागाजवळ सेन्सर असतो. टोयोटाच्या जुन्या इलेक्ट्रिक लॉकवाल्या लँड क्रूझरमध्ये लॉक बसेपर्यंत दिवा लुकलुकतो, मग स्थिर होतो. हा पुरावा बराच बरा. तरी तोही फक्त तो भाग कुठे आहे ते सांगतो. चाकं खरंच जखडली का, हे नाही.

मग थेट चाकांनाच विचारायचं. सपाट जागा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, मागचा अॅक्सल जॅकनं उचलून भक्कम स्टँडवर. (नुसत्या जॅकवर अजिबात नाही.) इंजिन बंद, गाडी टू-व्हील-ड्राइव्हमध्ये, हँडब्रेक सोडलेला. लॉक काढून, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि एक चाक हातानं फिरवा. गिअरमुळे केज थांबलेली आहे, म्हणजे सरासरी शून्य. त्यामुळे दुसरं चाक उलटं फिरलंच पाहिजे. आता लॉक लावा. दात जुळायला चाक थोडं मागेपुढे करावं लागेल. दोन्ही वेग सारखे आणि सरासरी शून्य, म्हणजे दोन्ही शून्य: थोडा 'प्ले' सोडला तर चाक हलणारच नाही.

लॉक सिद्ध झाला का? नाही ना! चाक न हलण्याचं कारण ब्रेक चिकटणं हेही असू शकतं. म्हणून लॉक तसाच ठेवून गाडी न्यूट्रल करा. आता दोन्ही चाकं एकाच दिशेला, सोबत फिरायला हवीत. फक्त हीच एक चाचणी केली तरी फसगत होते, कारण लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल असेल तर लॉक नसतानाही दोन्ही चाकं सोबत फिरू शकतात. ती शंका लॉक काढून केलेल्या पहिल्या चाचणीनं मिटते. कंट्रोल म्हणतात तो हाच. माझ्या मते तो न करता काढलेला निष्कर्ष दिव्याइतकाच कच्चा.

आणि चाचणी त्या यंत्राला लागू पडते का, हेही बघा. थारच्या काही मॉडेलांतला मेकॅनिकल लॉक आपोआप लागतो, तोही दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण 100 फेऱ्यांचा फरक पडल्यावर. हातानं एवढा वेग येणार कसा? तिथे 'लॉक लागला नाही' हे उत्तर चांगल्या लॉकबद्दलही मिळेल. उलट, काही गाड्यांत घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून तसाच परिणाम साधतात. अशी गाडी खड्ड्यातून बाहेर आली, तर श्रेय लॉकचं की ब्रेकचं, हे नुसतं बघून सांगता येत नाही.

शेवटी लॉक काढून पहिली चाचणी पुन्हा करा. बरेच जण ही पायरी गाळतात. लॉक सुटलाच नसेल आणि तुम्ही डांबरी रस्त्यावर आलात, तर वळणावर टायर घासतात, अॅक्सलवर ताण येतो आणि गाडी सरळच जायला बघते.