पोटावरची घडी उतरल्यानंतरचे सहा आठवडे

वजन उतरले की प्रश्न सुटला, असे घरातील सर्वांनाच वाटत असते. समजा, माहूरसारख्या गावातील एखाद्या व्यापारी घरातील श्राविकेचे वजन एकशे दहा किलोवरून सत्तरवर आले. मधुमेहाच्या गोळ्या कमी झाल्या, गुडघे बोलायचे थांबले, रेणुकामातेच्या गडाच्या पायऱ्यांवर पूर्वीसारखी धाप लागेनाशी झाली. नातेवाईक कौतुक करतात. परंतु साडीच्या आत काय शिल्लक राहिले आहे, ते तिला एकटीलाच ठाऊक असते. वर्षानुवर्षे ताणली गेलेली त्वचा चरबी गेल्यावर पूर्ववत आखडत नाही. ती पोटावरून खाली जांघेपर्यंत घडीसारखी लोंबत राहते. व्यायामाने स्नायू बळकट होतात, त्वचा मात्र कापली जात नाही.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा या घडीखाली घाम साचतो, त्वचा लाल होते, बुरशी धरते, कधी दुर्गंधीही येते. पावडर आणि मलमे यांवर एकेक ऋतू निघून जातो. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या सामायिकाला मांडी घालून बसले की घडी मांड्यांवर दाबली जाते. पंचांग वंदना करताना ती मधे येते. हे दुःख बोलून दाखवण्याची सोय नसते, कारण उत्तर ठरलेले असते : ‘आता तर बारीक झालीस, मग आणखी ऑपरेशन कशाला?’

या ऑपरेशनला वैद्यक परिभाषेत ॲब्डॉमिनोप्लास्टी आणि बोलण्यात ‘टमी टक’ म्हणतात. नावातील हलकेपणामुळे ते केवळ नटण्यामुरडण्याचे काम वाटते. पण त्याचा इतिहास तसा नाही. १८९९ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. हॉवर्ड केली यांनी पोटावरची लोंबती घडी कापून काढली, ती रुग्णाचा भार हलका करण्यासाठी. सौंदर्याचा विचार पुढे आला. ब्राझीलचे शल्यविशारद इव्हो पितांगी यांनी १९६० च्या दशकात खालच्या बाजूला झाकला जाईल असा छेद रूढ करण्यात मोठा वाटा उचलला. आजच्या पद्धतीत एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत छेद घेऊन जादा त्वचा व चरबी काढतात, बाळंतपणांनी आणि स्थूलतेने फाकलेले पोटाचे उभे स्नायू टाके घालून जवळ आणतात आणि बेंबीला नव्या जागी बाहेर घेतात. फार मोठे वजन उतरलेल्यांना मध्यावर आणखी एक उभा छेद लागू शकतो. नुसती लोंबती घडी काढणे ही याहून लहान शस्त्रक्रिया, आणि नळीने चरबी शोषून घेणे ही तर निराळीच गोष्ट. शल्यविशारदाकडे जाताना हा फरक ठाऊक असावा.

घाई मात्र नको. २०११ मध्ये नितीन गडकरी यांनी मुंबईत वजन घटवण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा ‘बॅरिॲट्रिक’ हा शब्द महाराष्ट्रातील वृत्तपत्रांतून घराघरांत गेला. त्या शस्त्रक्रियेनंतर वजन उतरायला साधारण वर्ष-दीड वर्ष लागते. त्यानंतर निदान सहा महिने काटा एकाच जागी स्थिर राहिला, तरच त्वचेच्या शस्त्रक्रियेचा विचार करावा. पुढे मूल हवे असेल तर ते आधी, शस्त्रक्रिया नंतर. आणि तंबाखू, गुटखा, मशेरी, तपकीर यांपैकी काहीही असेल, तर ते किमान चार आठवडे आधी आणि तितकेच दिवस नंतर पूर्ण बंद हवे. निकोटीनमुळे त्वचेकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आखडतात आणि छेदाच्या कडा काळ्या पडू शकतात. धूर नसलेल्या तंबाखूतही निकोटीन असतेच, हे सांगावे लागते, कारण मशेरी लावणाऱ्या स्त्रिया तिला व्यसनात मोजत नाहीत.

‘देहाची एवढी आसक्ती कशाला?’ हा प्रश्न धर्मनिष्ठ घरात उठतो आणि तो टाळण्यासारखा नाही. केवळ आरशासाठी कोणी दोन-चार तास भुलीखाली जात असेल, तर घरातील वडीलधाऱ्यांनी थांबवावे हेच बरे. परंतु ज्या देहाने सामायिक-प्रतिक्रमण करायचे, तो देह घडीखालच्या जखमांनी बसू देत नसेल, तर त्या इलाजाला आसक्ती म्हणणे अन्यायाचे होईल.

पैशाचा हिशेब आधीच मांडावा. आरोग्यविम्याच्या बारीक अक्षरांत दोन वेगवेगळी कलमे आहेत. वजन घटवण्याची शस्त्रक्रिया विमा नियामकाने ठरवलेल्या अटींवर मान्य होऊ शकते : वैद्यकीय सल्ला, वय अठराच्या पुढे, आणि देहभार निर्देशांक ४० वा अधिक, अथवा ३५ वा अधिक असून सोबत काही ठरावीक गंभीर आजार. त्वचेची शस्त्रक्रिया मात्र ‘सौंदर्यवर्धक वा प्लास्टिक शस्त्रक्रिया’ या वगळलेल्या गटात पडते. अपघात, भाजणे वा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना, किंवा प्रकृतीला असलेला थेट व तातडीचा धोका दूर करण्यासाठी आवश्यक असल्याचा उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा दाखला, एवढाच अपवाद. म्हणून घडीखालच्या जखमांसाठी त्वचारोगतज्ज्ञांकडे घातलेल्या प्रत्येक खेपेचा कागद, चिठ्ठी आणि तारखेसह छायाचित्र जपून ठेवावे. दावा मंजूर होईलच असे नाही. पण कागदाशिवाय तो उभाच राहत नाही. सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेवर जीएसटीही लागतो. अंदाजपत्रक मागताना तो धरून मागावा.

आता तिथीचा विचार. माहूरहून नांदेड सुमारे १३० किलोमीटर, यवतमाळ त्याहून जवळ. पण या शस्त्रक्रियेचा पुरेसा अनुभव असलेल्या शल्यविशारदासाठी अनेकांना नागपूर, हैदराबाद किंवा पुण्याकडे जावे लागते. तिसऱ्या दिवशी गाडीत बसून घाटवळणांनी घरी येण्याचा बेत आखू नये. पोटातील पाणी बाहेर नेणाऱ्या नळ्या, म्हणजे ड्रेन, निघेपर्यंत आठ-दहा दिवस त्याच शहरात नातलगाकडे वा धर्मशाळेत मुक्काम करावा. परतताना तासा-तासाला गाडी थांबवून पाय मोकळे करावेत, कारण पाय लोंबकळत ठेवून बसल्याने पोटरीत रक्त गोठण्याचे भय असते. पोटपट्टा सहा आठवडे जवळजवळ चोवीस तास बांधायचा असल्याने वैशाख सोडूनच द्यावा. चातुर्मासही नको. पर्युषणात किंवा दशलक्षणात सारे घर उपवासात असताना अंथरुणावर बसून वेळोवेळी खाणे श्राविकेला जड जाते आणि जखम कच्ची असतानाच ती पच्चक्खाण घेऊन बसते. कार्तिकी पौर्णिमा झाल्यावर थंडीत दिवस धरावा हे उत्तम. एक अडचण त्यातही आहे, ती पुढे येईल.

औषधांविषयीची एक गोष्ट जैन घरांत आधी विचारली जात नाही आणि मग ऐनवेळी गोंधळ उडतो. रक्त गोठू नये म्हणून या शस्त्रक्रियेनंतर अनेक रुग्णांना पोटात किंवा मांडीत जी इंजेक्शने देतात, त्यांतील हेपॅरिन आणि त्यापासून बनणारे एनॉक्सापॅरिन ही डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून तयार होतात. फोंडापॅरिनक्स हे त्याच कामाचे औषध पूर्णतः रासायनिक रीतीने बनवलेले आहे. मात्र मूत्रपिंडांची स्थिती, वजन आणि रक्तस्रावाचा धोका पाहून ते चालेल की नाही, हे डॉक्टरच ठरवू शकतात. कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनचे असते. पुष्कळदा त्याच औषधाची गोळी मिळते. आतून विरघळणारे आजचे बहुतेक धागे कृत्रिम असतात, जुने कॅटगट मात्र जनावराच्या आतड्याचे. हे सारे पहिल्या भेटीतच लिहून द्यावे. रात्री नऊ वाजता परिचारिका सिरिंज घेऊन उभी असताना घरच्यांनी वाद घालणे हा अहिंसेचा मार्ग नव्हे; त्या क्षणी इंजेक्शन चुकले तर जीव जाऊ शकतो. पर्याय नसेल तर काय करायचे, हे घराने आणि गुरुमहाराजांनी आधीच ठरवून ठेवावे.

पहिले दहा दिवस माणूस सरळ उभा राहत नाही. त्वचा खेचून शिवलेली असल्याने कमरेत वाकून, म्हाताऱ्यासारखे चालावे लागते. पाहणाऱ्यांना वाईट वाटते, परंतु तेच योग्य असते. झोपतानाही पाठीमागे उशांची उतरण आणि गुडघ्यांखाली लोड हवा. मात्र चालणे पहिल्या चोवीस तासांतच सुरू होते, मग ते पलंगापासून दारापर्यंत का असेना. खोकला-शिंक आली तर उशी पोटाशी घट्ट धरावी. उकिडवे बसण्याचा संडास काही आठवडे वर्ज्य. खुर्चीचा कमोड आधी आणून ठेवावा. वेदनाशामकांनी बद्धकोष्ठ होते आणि कुंथणे टाक्यांना अपायकारक, म्हणून त्यावरचे औषध आधीच मागून घ्यावे. ड्रेनमध्ये किती पाणी आले, ते रोज ठरल्या वेळी वहीत मांडावे. चोवीस तासांत ते साधारण ३० मिलिलिटरच्या खाली गेले की नळी काढण्याचा विचार होतो.

खाण्याचा प्रश्न सर्वांत कठीण. जखम भरायला प्रथिने लागतात. बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया झालेल्यांना एरवीही दिवसाला ६० ते ८० ग्रॅम सांगितली जातात, आणि त्यांचे जठर मात्र लहान. शंभर ग्रॅम पनीरमधून साधारण १८ ग्रॅम, पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांतून २५, पेलाभर दुधातून ८, वाटीभर वरणातून ६-७. थंडीत माहूरला सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या आधी मावळतो. नवकारशी व चौविहार दोन्ही पाळले, तर हातात जेमतेम दहा तास उरतात. त्या दहा तासांत थोडे थोडे पाच वेळा खाल्ले तर गणित बसते. दोन जेवणांत ते कधीच बसत नाही. द्विदल टाळणाऱ्या घरात दही आणि डाळ एकत्र येऊ नयेत म्हणून सकाळी दूध-पनीर आणि दुपारी डाळ-सोया अशी वाटणी करावी. डाळीवर जगणाऱ्यांत बी-१२ कमी आढळतेच आणि जठराच्या शस्त्रक्रियेनंतर त्याचे शोषण आणखी घटते; हिमोग्लोबिन, लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि अल्ब्युमिन शस्त्रक्रियेच्या दोन-तीन महिने आधी तपासून भरून काढावे.

चौविहारात रात्री पाणीही वर्ज्य. या काळात ते परवडत नाही. तिविहारात पाण्याची मोकळीक असते. पच्चक्खाणाच्या पाठातच आगार आहेत आणि त्यांतील एक प्रकृती बिघडून समाधी ढळू नये यासाठीच आहे. पूर्वाचार्यांनी ठेवलेली ही सूट वापरण्यात कमीपणा कसला? आयंबिल, एकासणे, वर्षीतप यांना सहा आठवड्यांनंतरही डॉक्टरांना विचारूनच हात घालावा. तपाची अनुमोदना करणाऱ्या सासूबाईंनी आणि नणंदांनी या दिवसांत मुद्दाम मौन पाळले, तर तीही सेवाच होईल.

सेवेचा दुसरा भाग घरकामाचा. सहा आठवडे चार-पाच किलोंवर काही उचलायचे नाही. गॅसची भरलेली टाकी नुसत्या गॅसचीच १४.२ किलोंची असते. पाण्याने भरलेली कळशी, कुकर, धुण्याची बादली, कडेवरचे नातवंड, सारे याच यादीत. आतील स्नायूंचे टाके डोळ्यांना दिसत नाहीत आणि बाहेरची रेघ तीन आठवड्यांत कोरडी झाली की घर ‘बरी झाली’ असा निकाल देऊन मोकळे होते. चूक इथेच होते. पुरुषाचे हर्नियाचे ऑपरेशन झाले की महिनाभर दुकानात दुसरा माणूस बसतो. स्त्रीच्या चुलीपुढे मात्र दुसरे कोणी बसत नाही. महिनाभराची बाई आधी ठरवावी आणि तिचा पगार शस्त्रक्रियेच्या अंदाजपत्रकातच धरावा.

सूज महिनोन्‌महिने राहते, सकाळी कमी आणि संध्याकाळी अधिक. बेंबीखालची त्वचा बरेच दिवस बधिर असते. तिथे गरम पाण्याची पिशवी ठेवल्यास भाजले तरी कळत नाही. व्रण प्रथम लाल, जाड होतो आणि फिका पडायला वर्ष-दीड वर्ष घेतो. कित्येकींना आरशात जुनेच पोट दिसत राहते, काहींना विनाकारण रडू येते. हेही बरे होण्यातलेच आहे, त्याची चेष्टा करू नये. परंतु एकाच पोटरीला सूज वा दुखरेपणा, अचानक धाप, छातीत कळ, १०१ अंशांवर ताप, पोटाची एक बाजू एकाएकी फुगणे, छेदाच्या कडा काळवंडणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता निघावे. माहूरहून मोठ्या रुग्णालयापर्यंत रात्रीचे दोन-तीन तास लागू शकतात, म्हणून गाडी आणि चालकाचा क्रमांक पहिल्या दिवसापासून भिंतीवर लिहिलेला असावा.

पोटपट्टे दोन घ्यावेत, एक धुण्यात आणि एक अंगावर. सहाव्या आठवड्याच्या तपासणीला जाताना तीन प्रश्न लिहून न्यावेत : मांडी घालून किती वेळ बसावे, पंचांग वंदना कधीपासून, आणि गडाच्या पायऱ्या कधी. तोवर सामायिक खुर्चीवर आणि वंदना उभ्यानेच, हात जोडून.