तालुका सिन्नर, जिल्हा पुणे

किराणा मालाच्या एका घाऊक व्यापाऱ्याच्या ऑर्डर-शीटमध्ये मी हा पत्ता पाहिला. मालकांना दाखवला तर म्हणाले, "ड्रॉपडाउन लावलंय हो, चूक होईलच कशी?"

झालं असं होतं. डेटा एंट्री करणाऱ्या मुलाने आधी नाशिक निवडलं, खालच्या यादीतून सिन्नर निवडलं. मग पार्टीचा फोन आला, माल पुण्याच्या दुकानात टाका. त्याने जिल्हा बदलला, तालुका तसाच राहिला. एक्सेल सेलमध्ये काही भरताना तेवढ्यापुरतं तपासतं. वरचा जिल्हा बदलला म्हणून खालचा तालुका ते पुसत नाही आणि लाल खूणही करत नाही. दुसरीकडून कॉपी-पेस्ट केलं तर ड्रॉपडाउनची अटच उडून जाते. जुळत नसलेला तालुका लाल करणारं कंडिशनल फॉरमॅटिंग लावणं हा स्वस्तातला उपाय. वेबवरचा फॉर्म असेल तर जिल्हा बदलताच तालुका रिकामा झालाच पाहिजे.

"मग उलटं करू. तालुका टाकला की जिल्हा आपोआप येऊ दे." ही सूचना मला दर दोन महिन्यांनी कोणीतरी करतं. कर्जत टाका. कर्जत रायगडमध्ये आहे, अहिल्यानगरमध्येही आहे. खेड पुण्यात आणि रत्नागिरीत, मालेगाव नाशिकमध्ये आणि वाशीममध्ये. लुकअपला यातलं काही कळत नाही, यादीत जे आधी सापडेल ते उचलून तो मोकळा होतो. अहिल्यानगरच्या कर्जतचा माल रायगडच्या गाडीत चढतो आणि फॉर्मच्या लेखी सगळं बरोबर असतं.

पिनकोडने हा गुंता थोडा सुटतो. १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झालेली ही पद्धत आखली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने, टपाल खात्यातल्या संस्कृत पंडिताने. सारख्या नावांच्या गावांचा घोळ मिटवणं हाही तिचा एक हेतू होता. पण एका पिनकोडखाली अनेक गावं येतात. त्यामुळे पिन टाकल्यावर गावांची यादी उघडावी, गाव आपोआप भरू नये. जीएसटी क्रमांकाचं मात्र तसं नाही. त्याच्या पंधरा अक्षरांतली पहिली दोन राज्याची, महाराष्ट्राची २७ आणि गोव्याची ३०. पुढची दहा म्हणजे पार्टीचा पॅन. राज्य आणि पॅन हे दोन्ही रकाने हाताने भरून घेणं म्हणजे निव्वळ छळ आहे.

जिल्ह्यांच्या नावांवर यादी बांधणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: एक्सेलमधल्या रेंजच्या नावात मोकळी जागा चालत नाही. इनडायरेक्ट वापरून केलेली तालुक्यांची यादी 'छत्रपती संभाजीनगर'पाशी मुकाट अडते, उघडतच नाही. शिवाय नावं बदलतात. नावाऐवजी कोड ठेवा. आणि व्हीलुकअपच्या शेवटी 'फॉल्स' किंवा शून्य लिहायचं विसरलात, तर तो जवळपासचा आयटम उचलून आणतो, तोही एरर न दाखवता. एक्सलुकअपला ही खोड नाही.

पण सगळ्यात महागडा गैरसमज म्हणजे आपोआप भरलेला आकडा तिथे कायमचा लिहिला गेला, असं मानणं. तिथे आकडा नसतोच, फॉर्म्युला असतो. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. अंगाचा साबण, केसांचं तेल, टूथपेस्ट १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. ज्यांनी मास्टर शीटमध्ये १८ खोडून ५ केलं, त्यांच्या नव्या बिलांबरोबर जुनी बिलंही शीटमध्ये बदलली. कागदावर एक रक्कम, संगणकावर दुसरी. यावर दोनच मार्ग आहेत. बिल पक्कं झालं की त्या ओळीतले आकडे 'पेस्ट स्पेशल'मधून व्हॅल्यूज म्हणून चिकटवायचे. नाहीतर मास्टरमध्ये जुना दर न खोडता नवा दर लागू तारखेसह वेगळ्या ओळीत लिहायचा आणि लुकअपला बिलाची तारीखही बघायला लावायची. मला दुसरा मार्ग पसंत आहे, कारण पहिल्यात कोणीतरी आठवणीने चिकटवावं लागतं.

तुमच्या शीटमधलं ऑगस्ट २०२५ चं एखादं बिल आज उघडा आणि साबणापुढे किती टक्के दिसतात ते बघा.